सतरावी केबल

बुधवारी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी यंत्र थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही.

लंडनच्या एजवेअर भागातल्या एका चर्चमागच्या हॉलमध्ये पाच-सहा माणसं त्याच्यासमोर उभी होती. माणसाच्या उंचीची लोखंडी चौकट, तिच्यावर ओळीने बसवलेले छत्तीस ड्रम. त्यातले वरचे ड्रम गरागरा फिरत होते आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट हॉलभर भरून राहिला होता. डेरिकच्या एका हातात स्टॉपवॉच होतं, दुसऱ्या हातात कागद. कागदावर तीन अक्षरं होती, डी, के, एक्स. त्या जागी ड्रम आले की सर्किट जुळणार, रिलेचा खटका पडणार आणि सगळं एकदम गप्प होणार, असं गणित होतं. ती जागा आली आणि गेली. यंत्र तसंच खडखडत पुढे गेलं.

"गेलं," डेरिक म्हणाला आणि त्यानं स्विच बंद केला.

सुप्रभा चौबळ चौकटीच्या मागच्या बाजूला उभी होती, तिनंच बांधलेल्या केबल्सच्या जुडग्यांपाशी. डेरिकचा चेहरा तिला तिथून दिसत नव्हता, पण त्याचा आवाज तिनं ऐकला आणि ती पुढे आली नाही. कारण यंत्र का थांबलं नाही याचा एक अंदाज त्या हॉलमध्ये फक्त तिच्यापाशी होता.

तो ऑक्टोबर दोन हजार सहा. शनिवारी अकरा वाजता सहा म्हाताऱ्या बायका हे यंत्र बघायला येणार होत्या. साठ वर्षांपूर्वी, लढाईच्या काळात, इथून दोन मैलांवर स्टॅनमोरला त्यांनी असलीच यंत्रं चालवली होती. त्यांच्याबरोबर एका संग्रहालयाचे दोन अधिकारी येणार होते. यंत्र चाललं तर ते त्याला कायमची जागा देणार होते. नाही चाललं तर चर्चला हॉल जानेवारीत परत हवा होता आणि दीड टनाचं लोखंड कुठे ठेवायचं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

सुप्रभा त्या वेळी सहासष्ट वर्षांची होती. कऱ्हाडची मुलगी, लग्न होऊन एकोणीसशे अडुसष्टला लंडनला आली. नवरा कमलाकर इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. त्या काळच्या बाकीच्या डॉक्टरांच्या बायका घर सांभाळत, नाहीतर शाळेत नोकरी बघत. सुप्रभाला दिवसभर घरात बसवेना. वर्षभरातच तिनं टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नाव घातलं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी विचारलंच, "डॉक्टरांची मिसेस आणि फॅक्टरीत?" सुप्रभा म्हणाली, "हो, आठ ते चार," आणि वाटली डाळ पुढे सरकवली.

तिथे ती केबल बांधायला शिकली. फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून शेकडो रंगीत वायरी ठरलेल्या वाटेनं न्यायच्या, मेण लावलेल्या दोऱ्यानं दर अर्ध्या इंचाला गाठ मारत सगळ्यांचा एक घट्ट जुडगा बांधायचा आणि मग एकेक टोक आपापल्या जागी सोल्डर करायचं. ब्रायडी नावाच्या आयरिश बाईनं तिला गाठ शिकवली. पहिल्या आठवड्यात बोटं सोलवटली. सहाव्या महिन्यात तिच्या केबल्स नवीन मुलींना नमुना म्हणून दाखवायला लागले. सतरा वर्षं तिनं ते काम केलं. मग एक्स्चेंज डिजिटल झाली, कारखाना बंद पडला आणि ही विद्या कोणाला नको झाली.

दोन हजार तीनमध्ये एजवेअरच्या लायब्ररीत तिनं एक चिठ्ठी वाचली. 'लढाईतलं संकेत फोडण्याचं यंत्र पुन्हा बांधत आहोत. जुन्या पद्धतीनं केबल बांधू शकणारं कोणी आहे का?' ती त्याच दुपारी गेली. निवृत्त इंजिनिअर डेरिक हॉलब्रुकनं तिच्याकडे, तिच्या कोटाखालच्या साडीकडे पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाला, "चहाची व्यवस्था बघणारं कोणी आम्हाला हवंच होतं." सुप्रभानं टेबलावरचा दोरा उचलला, समोर पडलेल्या बारा वायरी बांधून दाखवल्या आणि विचारलं, "चहा कुठे मिळतो इथे?" त्यानंतर डेरिक स्वतः तिच्यासाठी चहा आणायचा.

यंत्राची गोष्ट तिला त्यानंच सांगितली. जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्रावर निरोप गुप्त करून पाठवायचं. त्याच्या चाकांची मांडणी रोज बदलायची. ती हातानं शोधायची तर माणसाचा जन्म पुरला नसता. आधी पोलंडच्या गणितज्ञांनी त्यासाठी यंत्र केलं, मग इंग्रजांनी त्यांचं वेगळं आणि मोठं केलं. निरोपातल्या एखाद्या शब्दाचा अंदाज करायचा, त्यावरून कोणतं अक्षर कोणत्या अक्षराशी बांधलेलं आहे याचा आराखडा काढायचा, त्या आराखड्याप्रमाणे मागच्या केबल्स जोडायच्या आणि ड्रम फिरवत सुटायचं. चुकीच्या मांडण्या यंत्र ओलांडून जाई. जिथे सगळं जुळण्याजोगं दिसेल तिथे थांबे. आराखड्याला ते मेनू म्हणत, यंत्राला बॉम्ब.

या नावानं घोटाळाही झाला होता. दोन हजार पाचच्या जुलैत लंडनच्या ट्यूबमध्ये स्फोट झाले. त्यानंतर आठवड्याभरानं बसमध्ये सुप्रभा मोबाइलवर मुलीला, वरदाला, मोठ्यानं सांगत होती की आज बॉम्बचं काम उरकलं नाही. बाकी मराठी होतं, पण तेवढा शब्द सगळ्या बसला कळला. ड्रायव्हरनं बस थांबवली. पोलिसांना पटवायला अर्धा तास गेला. तेव्हापासून कॉलिननं तिला बजावलं होतं, बाहेर फक्त 'मशीन' म्हणायचं.

कॉलिन हा ड्रमवाला. बसच्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षं मेकॅनिक होता, बोलणं कमी. प्रत्येक ड्रमच्या पोटात तारेचे बारीक ब्रश होते, एकशे चार, केसासारखे. ते सगळे त्यानं हातानं बसवले होते.

बुधवारी डेरिकचं बोट त्याच्याकडेच वळलं.

"पहिले दोन मेनू बरोबर आले, ते लहान होते, थोड्याच जोडण्या लागल्या. मोठा मेनू लावला की चुकतं," डेरिक कागदावर रेघा मारत म्हणाला. "म्हणजे मोटर ठीक, रिले ठीक. आत कुठेतरी दोन अक्षरांची अदलाबदल झालीय. कॉलिन, मी तुला ऑगस्टमध्येच म्हटलं होतं, ड्रम दुसऱ्यांदा तपासून घे म्हणून."

"तपासले होते."

"मग हे काय आहे?"

कॉलिननं स्क्रू ड्रायव्हर घेतला, पहिला ड्रम उतरवला आणि खाली जमिनीवर कापड पसरून तो खोलायला बसला. छत्तीस ड्रम होते. शनिवार तीन दिवसांवर होता.

सुप्रभा मागे उभी होती. तिला बोलायला हवं होतं. दोन वायरींची अदलाबदल ड्रममध्ये होऊ शकते, तशी केबलमध्येही होऊ शकते, हे डेरिकला माहीत होतं. पण सुप्रभाच्या केबल्सवर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तीन वर्षांत तिची एकही वायर चुकली नव्हती.

एप्रिलपासून तिला नीट दिसत नव्हतं. आधी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती पिंजारलेला कापूस दिसायला लागला, म्हणून तिनं 'बसनं जाणं बरं पडतं' असं सांगून गाडी चालवणं सोडलं. मग रंग मळले. निळी वायर, करडी वायर आणि काही वेळा हिरवीसुद्धा, सगळ्यांवर कुणी तरी चहाचं पाणी ओतल्यासारखं दिसे. ती खिडकीपाशी सरकली. वायरी उन्हात धरून वेगळ्या करायला लागली. उन्हाळाभर निभलं. सप्टेंबरात ऊन गेलं, ट्यूबलाइट आली, आणि ती अंदाजानं काम करायला लागली. त्याच सुमाराला हॉलमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात सोल्डर करताना थरथरायला लागला होता. डेरिकनं फार हळुवारपणे त्यांना माहितीपत्रकं लिहायचं काम दिलं आणि महिन्याभरात ते यायचेच बंद झाले. सुप्रभानं ते पाहिलं होतं. तिनं तोंड उघडलं नाही.

त्या बुधवारीही उघडलं नाही. चार वाजता ती कोट चढवून निघाली तेव्हा कॉलिन सहाव्या ड्रमवर होता. ब्रशच्या तारांनी त्याच्या बोटांना ओरखडे पडले होते. त्यानं मान वर न करता "उद्या भेटू," म्हटलं.

बसमध्ये तिला हेझल प्रॉथरो आठवली. शनिवारी येणाऱ्या सहाजणींतली ती एक, वय त्र्याऐंशी. जूनमध्ये ती एकटीच येऊन गेली होती. सुप्रभाशेजारी खुर्ची ओढून तासभर बसली, बांधलेल्या केबलवरून हात फिरवत राहिली. "पंचेचाळीसला लढाई संपली, तेव्हा ही यंत्रं आम्हीच मोडली," ती म्हणाली. "वायर अन् वायर सुटी करायची, असा हुकूम होता. मी एका ड्रमला दोन वर्षं तेल घातलं होतं आणि मीच तो फोडला." मग म्हणाली, "माझा नवरा एकाहत्तरला गेला. मी लढाईत टायपिस्ट होते असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. तीन वर्षांनी सगळं छापून आलं. त्याला सांगायचं राहून गेलं."

हेझलला सरकारनं गप्प राहायची शपथ घातली होती. मला कोणी घातली होती, सुप्रभाच्या मनात आलं.

घरी कमलाकर आमटी गरम करत होते. सुप्रभानं कोटही काढला नाही. पिशवीतून उरलेल्या वायरींचा जुडगा काढला, दिवाणखान्याच्या खिडकीशी बसून वीस तुकडे पाच रंगांच्या पाच ढिगांत लावले आणि हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. हे बरोबर लागलेत का, एवढंच बघा."

कमलाकर हात पुसत आले. वाकून बघितलं. त्यांनी एका ढिगातून दोन तुकडे उचलून दुसऱ्यात टाकले, दुसऱ्यातून एक उचलून तिसऱ्यात.

"तीन," ते म्हणाले.

सुप्रभा त्या ढिगांकडे बघत राहिली. तिला अजूनही फरक दिसत नव्हता.

"मोतीबिंदू आहे," कमलाकर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. मला मे महिन्यापासून संशय आहे. तू जिना पाय चाचपून उतरायला लागलीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"पाच महिने?"

"तूही पाच महिने थांबलीसच की." ते समोरच्या खुर्चीत बसले. "दोनदा तुझ्याबरोबर हॉस्पिटलला यायला म्हणून मोकळा दिवस बघितला. दोन्ही वेळा तू विषय काढलास तो केबलचा. मला वाटलं, हिचं काम संपू दे."

सुप्रभाला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. तिनं यंत्राचं सगळं सांगितलं. डेरिकनं कॉलिनला सगळ्यांसमोर बोललेलं सांगितलं.

"मी डेरिकला फोन करतो," कमलाकर म्हणाले. "मेडिकल कारण आहे, मी नीट समजावतो."

"नको. तुम्ही केलात तर ती सबब वाटेल. मी उद्या जाऊन सांगते."

आमटी करपल्याचा वास आला तेव्हा दोघंही उठले.

गुरुवारी ती साडेनऊला हॉलमध्ये पोचली. कॉलिन आधीच आला होता. चौदा ड्रम उघडे पडले होते. त्याच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. डेरिक टेबलापाशी मेनू पुन्हा तपासत होता. सुप्रभानं कोट काढला नाही.

"ड्रम उघडणं थांबवा," ती म्हणाली. "चूक केबलमध्ये असणार. माझ्या."

डेरिकनं वर बघितलं. "तुझ्या केबल्स मी बघितल्यात."

"तुम्ही गाठी बघितल्यात. रंग मी लावलेत, आणि मला रंग दिसत नाहीत. एप्रिलपासून. मोतीबिंदू आहे. एप्रिलनंतर मी एकतीस केबल्स केल्या. सगळ्या तपासायला लागतील, आणि माझ्या डोळ्यांनी नाही."

डेरिकनं पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या गळ्याजवळचा भाग लाल झाला होता.

"काल तुला हे माहीत होतं?"

"संशय होता."

"मी कॉलिनला बोललो, तेव्हा तू तिथे उभी होतीस."

"हो."

डेरिक आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्याला इथून जायला सांगतील. कदाचित सांगितलंही असतं. पण कॉलिन जमिनीवरून उठला. गुडघे झटकले.

"कोणत्या एकतीस, त्याची यादी दे," तो म्हणाला. "वेळ जातोय."

तपासायची रीत साधी होती. केबलच्या एका टोकाला सव्वीस पिना, दुसऱ्या टोकाला सव्वीस. प्रत्येक पिन एका अक्षराची. एकानं या टोकाच्या पिनेला बॅटरीची वायर लावायची, दुसऱ्यानं त्या टोकाला दिवा. अक्षर जुळलं की दिवा लागतो. त्यात रंग बघायचं काही कारण नव्हतं. सुप्रभा एका टोकाला बसली, कॉलिन दुसऱ्या टोकाला. डेरिक मध्ये वही घेऊन.

"ए."

"लागला."

"बी."

"लागला."

एका केबलला पंधरा मिनिटं जात. दहा झाल्या, तरी सगळ्या बरोबर. बारा झाल्या, तेराही. प्रत्येक केबल बरोबर निघाली की सुप्रभाला सुटल्यासारखं वाटे आणि लगेच धास्ती वाटे, की सगळ्याच बरोबर निघाल्या तर हा एवढा वेळ तिनंच फुकट घालवला असं होणार. दुपारी दोनपर्यंत सोळा झाल्या. कोणी जेवायला उठलं नव्हतं.

सतराव्या केबलला ती म्हणाली, "जी."

कॉलिननं दिवा पुन्हा टेकवला. मग एकेक पिन पुढे सरकत गेला.

"के-वर लागतोय," तो म्हणाला.

"के लावते."

"जी-वर."

डेरिकनं वहीत लिहिलं. पेन्सिलचा आवाज ऐकू आला. निळी आणि करडी. सुप्रभाला त्याच क्षणी हलकं वाटलं. संशय होता तोवर तो सगळीकडे होता. आता तो दोन पिनांवर येऊन बसला होता.

पंचविसाव्या केबलमध्ये आणखी एक जोडी निघाली. बाकीच्या एकोणतीस बरोबर होत्या. संध्याकाळी सोल्डरिंगची वेळ आली तेव्हा डेरिकनं तापलेली सळई कॉलिनपुढे धरली. कॉलिननं चिकटपट्टी लावलेली बोटं दाखवली. "तिलाच करू दे. मी रंग सांगतो." मग तो शेजारी बसून एकेक वायर तिच्या बोटांत देत गेला, "ही निळी. ही करडी," आणि तिनं ती टोकं बसवली.

शुक्रवारी सकाळी दहाला मोठा मेनू पुन्हा लावला. ड्रम फिरले. डी-के-एक्स आलं आणि गेलं. यंत्र थांबलं नाही.

डेरिक खुर्चीवर बसला. तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्या क्षणी त्याहून म्हातारा दिसला. "आता मला काही सुचत नाही," तो म्हणाला.

कॉलिन यंत्राकडे बघत होता. "बुधवारी मी चौदा ड्रम उघडले. काल रात्री बसवले, घाईत. त्यात एखादा ब्रश वाकला असेल."

त्याचा अर्थ काय ते सुप्रभाला कोणी सांगायची गरज नव्हती. ती बुधवारी बोलली असती तर ते ड्रम उघडलेच गेले नसते. ती कॉलिनच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हात पुढे केला. सात ड्रम त्याच्याकडे, सात तिच्याकडे. तो भिंगातून बघत होता. ती बोटाचं टोक ब्रशच्या रांगेवरून कंगव्याच्या दात्यांवरून फिरवावं तसं फिरवत होती. तिच्या सातांत काही सापडलं नाही. कॉलिनच्या सहाव्या ड्रममध्ये एक ब्रश आडवा होऊन शेजारच्याला चिकटलेला निघाला. चिमट्यानं तो सरळ करायला त्याला दहा सेकंद लागले. शोधायला साडेपाच तास लागले होते.

सगळे ड्रम परत बसेपर्यंत पाचला पाच मिनिटं उरली होती. पाचला हॉलमध्ये मुलींचा नाचाचा वर्ग असे. पूर्ण फेरीला पंधरा मिनिटं लागतात. चर्चची बाई किल्ल्या घेऊन दारात उभी राहिली होती.

"आता तपासायला वेळ नाही," डेरिक म्हणाला. "उद्या लहान मेनू लावू. तो बरोबर येतो हे आपल्याला माहीत आहे. बायकांना फरक कळायचा नाही."

"हेझलला कळेल," कॉलिन म्हणाला.

डेरिक सुप्रभाकडे वळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिला काही विचारलं. "तुझं काय मत?"

"मोठाच लावू या," सुप्रभा म्हणाली. "पण आधी त्यांना सांगू, की हे थांबेलच असं नाही. मी सांगते."

शनिवारी कमलाकर तिला गाडीनं सोडायला आले आणि मागच्या रांगेत बसले. सहाजणी वेळेवर आल्या. एक चाकांच्या खुर्चीत होती. संग्रहालयाचे दोघं कोट न काढता उभे राहिले. सुप्रभानं पुढे होऊन तीन वाक्यांत सांगितलं, की माझ्या हातून केबलमध्ये चूक झाली होती, ती आणि आणखी एक दुरुस्त केलीय, पण दुरुस्तीनंतर यंत्र आत्ता पहिल्यांदाच फिरणार आहे. संग्रहालयाच्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. डेरिकनं स्विच टाकला.

चाकांच्या खुर्चीतल्या बाईनं डोळे मिटले. हेझल उठून यंत्राच्या अगदी जवळ गेली. दोन मिनिटं झाली. तीन झाली. चौथ्या मिनिटाला एकदम सगळं गप्प झालं.

ही डी-के-एक्सची जागा नव्हती. कागदावरचं एकही अक्षर जुळत नव्हतं. सुप्रभानं यंत्राच्या चौकटीला घट्ट धरलं. तिच्या डोक्यात एकतीस केबल्स पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

"खोटा थांबा," हेझल शांतपणे म्हणाली. "हा असायचाच. एका पाळीत दोन-तीन तरी. अक्षरं लिहून घ्यायची आणि पुढे चालू करायचं." मग डेरिककडे बघून जरा करड्या आवाजात, "लिहून घेतलीस का?"

डेरिकनं निमूटपणे लिहून घेतली. हेझलनं स्वतः हात लांब करून यंत्र पुन्हा सुरू केलं.

सहा मिनिटं. आठ. कॉलिन खिशात हात घालून जमिनीकडे बघत होता. सुप्रभाला ड्रमवरची अक्षरं दिसत नव्हती, नुसते फिरणारे मळके ठिपके दिसत होते, म्हणून ती खडखडाट ऐकत राहिली. स्टॉपवॉचकडे बघत डेरिक पुटपुटला, "आता." आणि आवाज तुटला.

हेझल वाकली, चष्मा नाकावर सरकवला आणि साठ वर्षांपूर्वी फोनवर वाचून दाखवत असेल तशा सपाट सुरात वाचलं, "डी. के. एक्स."

डेरिकनं कागद बघितला. दोनदा बघितला. मग कॉलिनपाशी गेला आणि त्याला म्हणाला, "बुधवारचं मी परत घेतो." कॉलिननं मान हलवली. चाकांच्या खुर्चीतली बाई रडत होती, आणि बाकीच्या पाचजणी एकाच वेळी बोलायला लागल्या होत्या.

संग्रहालयानं यंत्र घेतलं. सुप्रभाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं, डाव्याचं मेमध्ये. पहिल्या वेळी वरदा नॉटिंगहॅमहून आठवडाभर राहायला आली आणि पट्टी काढल्यावर तिनं विचारलं, "आई, आता माझी चेहरा कशी दिसते?" सुप्रभा म्हणाली, "चेहरा दिसतो तसाच, मराठी बिघडलंय." स्वयंपाकघराच्या भिंती पिवळट नाहीत, पांढऱ्या आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं. मार्चमध्ये ती पुन्हा कामाला गेली, ती संग्रहालयातल्या नव्या जागेत. दारावर एक नवा नियम टाचलेला होता, की कोणतीही केबल, कोणताही ड्रम, दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय यंत्राला लागणार नाही. खाली पहिली सही डेरिकची स्वतःची होती.

डेरिक तिच्याशी सभ्यपणे वागे, पण पूर्वीसारखा चहा त्यानं बरेच महिने आणला नाही. तिनंही अपेक्षा केली नाही. कॉलिननं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त काम करताना तिच्या शेजारची खुर्ची त्याची ठरून गेली. हेझल दोन हजार आठच्या हिवाळ्यात गेली. तिच्या मुलीनं डेरिकला लिहिलं, की त्या शनिवारनंतर आई घरात लढाईबद्दल बोलायला लागली होती आणि तिला थांबवणं अवघड झालं होतं.

संग्रहालयात महिन्यातले दोन रविवार सुप्रभा यंत्र चालवून दाखवायची. शाळेची मुलं यायची, निवृत्त माणसं यायची. तुम्ही यातलं काय केलंत, असं कोणी विचारलं की ती त्यांना मागच्या बाजूला न्यायची, आपल्या केबल्स दाखवायची आणि त्यातल्या कोणत्या दोन चुकल्या होत्या आणि का, तेही सांगायची. डेरिकला ते फारसं आवडत नसे. एकदा तो म्हणालाही, की एवढं सांगायची काही गरज नाही. पण त्यानं तिला थांबवलं नाही.